मामासाठी सही

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा मामाला मनोरुग्णालयात भरती करण्यावरून बाबा म्हणाले, "तू त्यातलीच डॉक्टर, एका सहीचं तर काम," आणि मी तुटक बोलून फोन ठेवला. चुकलंच. पुन्हा फोन केला तर पुन्हा आवाज चढेल, म्हणून लिहितेय.

एका सहीने भागत नाही, बाबा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, स्वतः तयार नसलेल्या माणसाला भरती करायचं तर दोघांनी त्याला वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. तपासणी त्याच दिवशीची किंवा आधीच्या सात दिवसांतली हवी. अर्ज मामीचा लागेल. भाचीचं मत तटस्थ कोण धरेल?

मग आम्ही बघतो काय? अलीकडे त्याने स्वतःला इजा करायचा प्रयत्न केला किंवा धमकी दिली का, कुणावर हात उगारला का, की स्वतःकडे इतकं दुर्लक्ष झालंय की जिवावर बेतेल. शिवाय उपचार म्हणजे काय आणि नाकारले तर काय होईल, हे त्याला उमजतं का. मामा रात्रभर रेडिओ लावतो, अंघोळीला कंटाळतो, शेजारी बघतात. शेजाऱ्यांचं बघणं आमच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

"जेवत नाही" हे मात्र मी सोडून दिलं नाही. मामीला खोदून विचारलं. घरच्या जेवणात काहीतरी कालवलंय म्हणतो, पण कोपऱ्यावरून वडापाव आणतो, सुटे पैसे मोजून. ऐकून जरा धीर आला. मग ती सहज म्हणाली, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत. तिथे धीर गेला.

आमचं काम असंच असतं. मागच्या महिन्यात रात्रपाळीला एका बाईंनी मला विचारलं, "मी शुद्धीत बोलतेय ना? मग ठेवता कशाला?" बोलत होत्या अगदी नीट. चार दिवस पाण्याचा घोट घेतला नव्हता, कारण नळातून विष येतंय. मी आणि सरांनी वेगवेगळं तपासलं, दोघांनीही ठेवायचं ठरवलं. स्त्री असल्याने तीन दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे अशा भरतीवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाला, कळवावं लागतं, पुरुष असेल तर सात. तीस दिवसांपुढे ठेवायचं तर दोन मानसोपचारतज्ज्ञ आणि मंडळाची मंजुरी. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

मामाला "गुडघे दाखवायला जाऊ" असं सांगून गाडीत घालू नका. एकदा फसवलं की पुढच्या गोळ्याही तो विषच समजेल. काही विपरीत घडलंच तर मात्र माझी वाट बघू नका, जवळच्या डॉक्टरांकडे न्या. तातडीचे उपचार 72 तासांपर्यंत देता येतात.

मी शनिवारी रात्रीच्या गाडीने निघते. रविवारी त्याच्याशी बोलेन, भाची म्हणून. तपासायला माझ्या ओळखीच्या एक डॉक्टर बाई घरी यायला तयार आहेत, तो हो म्हणाला तर.

आई, मामीला सांग, पट्ट्याला तिसरं भोक पडलं तर त्याच दिवशी मला कळव.

तुमची,
ताई