बॅटरी बदलली म्हणजे ट्रॅक्टर 12 व्होल्टचा होत नाही

संपादक महोदय,

जुना 6 व्होल्टचा ट्रॅक्टर सेल्फ घेईना झाला की ‘12 व्होल्टची बॅटरी टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धवट आहे.

आधी तारा तपासा. तेवढ्याच वॅटला 6 व्होल्टमध्ये दुप्पट करंट लागतो, म्हणून मूळ केबल जाड असते. ती तुटल्यावर कुणीतरी 12 व्होल्टच्या गाडीची बारीक केबल बसवलेली असते आणि दोष बॅटरीला लागतो. इंजिन लागू नये म्हणून कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाची) वायर काढून सेल्फ मारा आणि व्होल्टमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थ (बॉडीला जोडलेल्या) टर्मिनलवर, दुसरी इंजिन ब्लॉकवर धरा. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थिंग खराब आहे. गंज घासून जाड केबल टाकली की पुष्कळदा काम तिथेच संपते.

तरीही बदल करायचा, तर पूर्ण करा. बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो आणि त्याचा कटआउट (बॅटरीचा करंट डायनामोत उलटा जाऊ न देणारा स्विच) काढून, त्याच कामाचा पण आतच रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) असलेला अल्टरनेटर बसवा. पुली क्रँकच्या पुलीशी एका रेषेत हवी, नाहीतर बेल्ट कडेने झिजतो. असे बरेच जुने ट्रॅक्टर पॉझिटिव्ह अर्थचे आहेत, म्हणजे बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते. अल्टरनेटरला निगेटिव्ह अर्थ लागतो. बॅटरी उलटी जोडली की त्याचे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) क्षणात जळतात. अर्थ बदलल्यावर ॲम्पिअर मीटरच्या वायरी अदलाबदल करा आणि कॉइलचे निगेटिव्ह टोक पॉइंटकडे (कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काकडे) घ्या. सेल्फ मात्र पूर्वीच्याच दिशेने फिरतो, कारण फील्ड (स्थिर) आणि आर्मेचर (फिरती) या त्याच्या दोन्ही गुंडाळ्यांतला करंट एकदमच उलटतो.

सगळ्यात जास्त घोळ कॉइलमध्ये होतो. 6 व्होल्टच्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स साधारण दीड ओहम असतो. तिला थेट 12 व्होल्ट दिले तर 8 ॲम्पिअर वाहतात. पॉइंट जळतात, कॉइल तापते. एकतर तिच्या मालिकेत दीड ओहमचा बॅलास्ट रेझिस्टर (करंट कमी करणारा रोध) लावा किंवा 3 ओहमची 12 व्होल्टची कॉइल घ्या. दोन्ही एकत्र केले तर ठिणगी मंद पडते.

अल्टरनेटरच्या एक्सायटर वायरीत (चावीकडून त्याला सुरुवातीचा करंट देणाऱ्या वायरीत) चार्जिंगचा बल्ब किंवा डायोड हवाच. तो नसेल तर चावी बंद केल्यावरही अल्टरनेटरचा करंट त्या वायरीतून उलटा कॉइलला पोहोचतो आणि इंजिन चालूच राहते. मग लोक इग्निशन स्विच बदलत बसतात!

बल्ब आणि हॉर्न 12 व्होल्टचे घ्या. इंधनाचा इलेक्ट्रिक काटा असेल तर त्याला व्होल्टेज रिड्यूसर लावा. जुना सेल्फ चालतो, पण तो जोरात फिरून फ्लायव्हीलच्या दात्यांवर आदळतो. दोन-चार सेकंदांत इंजिन लागले नाही तर थांबून कारण शोधा. डिझेल ट्रॅक्टरला कॉइलचा प्रश्न नाही, पण हीटर प्लग (थंड इंजिन लागण्यासाठी आत उष्णता देणारे) किती व्होल्टचे आहेत ते पाहा.

शेवटी इंजिन मध्यम वेगात ठेवून बॅटरीवर मीटर लावा. 13.8 ते 14.4 व्होल्ट ठीक. 12.5 वरच अडकले तर चार्जिंग होत नाही. 15 च्या वर गेले तर रेग्युलेटर गेलेला आहे. बॅटरीतले पाणी आटण्याआधी तो बदला.

– एक वाचक