घराचा नकाशा पाठवण्याआधी

नेरुळ, नवी मुंबई

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "इतकी वर्षं आर्किटेक्चर शिकतीयस, आता आपल्याच घराचा नकाशा काढून दे. जुनं पाडून स्लॅबचं करायचं, मिस्त्री दिवाळीनंतर काम धरतोय." नकाशा देते. पण त्याआधी जे सांगायचं आहे ते फोनवर होत नाही, कारण मधेच आई "जेवलीस का" विचारते आणि गाडी भाजीवर जाते. म्हणून हे पत्र. आणि तुम्हाला माझ्या शिक्षणातलं दिसतं ते एवढंच, सनबोर्डची मॉडेलं आणि सबमिशनच्या जागरणानं तारवटलेले डोळे. आत काय चालतं तेही यात येईल.

आमच्याकडे कुठलंही काम हातात घेतलं की सरांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कॉन्सेप्ट काय?" म्हणजे ही इमारत कशावरून सुचली, तिच्या मुळाशी विचार कोणता. पहिल्या वर्षी निम्म्या वर्गाला आकारच सुचतात. शाळेला उघडं पुस्तक, समुद्राकाठच्या हॉटेलाला शंख, बागेतल्या कॅफेला फुलपाखरू. आकारावरून सुचणं वाईट असं नाही. इथून खाडीपलीकडे ८ ऑक्टोबर २०२५ला ज्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, त्याची कल्पना झाहा हदीद या आर्किटेक्टच्या संस्थेनं कमळावरूनच घेतली आहे. दिल्लीचं १९८६चं बहाई मंदिर तर सत्तावीस पाकळ्यांचं कमळच. पण कमळ दिसतं ते लांबून, फोटोत. आत आलेल्या म्हातारीनं टेकायचं कुठं, पाणी कुठून येणार, चपला कुठं काढायच्या, हे कमळाला विचारून काही उपयोग नाही. त्यामुळे माझं मन आकारांत फारसं रमलं नाही.

दुसऱ्या वर्षी बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात मासळी बाजार काढायचा होता. कागदावरचाच, तिथं कोणी बांधणार नव्हतं. जागा बघायला गेलो तर वर्गातले बरेच जण होड्यांचे आणि शिडांचे फोटो काढायला लागले. मी एका मावशींच्या शेजारी बसून राहिले. बर्फ वितळतोय, मासे धुतलेलं पाणी वाहतंय, ते त्यांच्या पायाखालून गिऱ्हाइकाच्या पायाखाली, तिथून पुढच्या मावशींच्या पाटीखाली. सगळ्या बाजाराची कटकट ते पाणी होतं. आणि मला आठवली विहिरीवरची मोट. बाबा, तुम्ही लहानपणी आजोबांबरोबर धावेवर बैल हाकलेत, ते किती वेळा सांगितलंय. मोट वर येते, थारोळ्यात रिकामी होते, तिथं पाण्याचा जोर मोडतो, मग ते पाटानं गुमान वाफ्याकडे जातं. प्रत्येक टप्पा आधीच्याहून जरा खाली. मी बाजाराचे तेच टप्पे केले. सगळ्यात वर विक्रीचा ओटा, त्याच्या मागच्या अंगाला धुण्याकापण्याचं थारोळं, त्याखाली झाकलेला पाट, आणि गिऱ्हाइकाची वाट पुढून, कोरडी. फरशीला शंभराला एक उतार. जुरीत, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडताना, बाहेरून आलेल्या एका आर्किटेक्टनी विचारलं, "यात मासा कुठं दिसतो?" मी म्हटलं, पाटीत. मार्क बरे पडले.

त्या कामासाठी सुट्टीत येऊन मी साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर मोजली होती. आई, तुला वाटलं मी देवदर्शनाला चाललेय. वीरुबाई भोसल्यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधली असं तिथला शिलालेख सांगतो. लोक वरून बघतात, शिवपिंडीचा आकार दिसला की फोटो काढतात आणि निघतात. पण ती विहीर वरून कळतच नाही, उभी कापून बघावी लागते. आमच्या भाषेत सेक्शन. उभ्या छेदात कळतं की वर मोटा चालतात, मधे पुलासारख्या भागात छोटासा महाल आहे आणि खाली पाणी. बैलांचं काम, माणसांची बैठक आणि पाणी, तिन्ही एकावर एक रचलेलं. पाण्याचा गारवा बसणाऱ्यांना फुकट मिळतो. ही माझी आजवरची सगळ्यात आवडती शीट. तिच्यापुढे माझी स्वतःची डिझाइनं मला फिकी वाटतात.

मग घरांचं काम आलं. त्यासाठी आम्ही बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये गेलो. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण आमच्या धंद्यातले लोक परदेशातून ते बघायला येतात. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळासाठी, ती वसाहत काढली. नवी मुंबई वसवावी असं सुचवणाऱ्या तिघांपैकी ते एक, दुसरे दोघं प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल. या वसाहतीत सात घरं, त्यांच्यामध्ये साधारण आठ बाय आठ मीटरचा चौक. असे तीन गट मिळून एकवीस घरांचा आणखी एक मोठा चौक. प्रत्येक घर बैठं किंवा दुमजली, कौलारू, स्वतःच्या वेगळ्या प्लॉटवर, शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही. का, तर ज्याला जसा पैसा जमेल तसं त्यानं वाढवावं, दुसऱ्याला विचारत बसू नये. आणि गरिबाच्या नि श्रीमंताच्या प्लॉटच्या आकारात फरक थोडाच.

आज तिथं गेलात तर मूळची कौलारू घरं शोधावी लागतात. बहुतेकांनी पाडून दोन-तीन मजली टाइल्सवाले बंगले बांधलेत. माझ्या मैत्रिणी हळहळल्या. मला मात्र ते फसलं असं वाटलं नाही. घरं बदलली, चौक राहिले. पोरं तिथंच खेळतात, कुणाचं वाळवण तिथंच पडतं. जे बदलणार ते बदलू द्यायचं आणि जे सगळ्यांचं आहे ते हलू द्यायचं नाही, इतका पुढचा विचार त्या माणसानं केला होता. (माझं घरांचं डिझाइन यावरून केलं, पण त्यात पार्किंग घालता घालता चौकाचा जीव गेला. ते सोडूनच द्या.)

पुढच्या वर्षी स्टडी टूरला अहमदाबाद. साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय हेही कोरियांचंच, १९६३चं. विटांचे खांब, वर कौलं, काचेची एकही खिडकी नाही, लाकडी झडपा. सहा बाय सहा मीटरचे सारखे चौकोन, काही भिंतींनी बंद, काही उघडे, मधे पाणी. बाबा, मला तिथं आपलंच घर दिसलं. तुम्ही कुणालाही घर फुटांत सांगत नाही, "आमचं पुढचं चार खणांचं" म्हणता. दोन खांबांमधला एक खण, मग दुसरा, तिसरा. भाऊबंद वाढले तर खण वाढवायचा. जे आम्हाला मॉड्यूल, म्हणजे पुन्हापुन्हा वापरायचं एकच माप, म्हणून शिकवतात, ते आपल्याकडच्या सुताराला शिकवावं लागलं नव्हतं. आपला सोपा म्हणजे उघडा ठेवलेला खण, माजघर म्हणजे बंद केलेला. हे मी रिपोर्टमध्ये लिहिलं आणि आपल्या घराचा प्लॅन शेजारी काढला. सरांनी तो वर्गाला दाखवला, तेव्हा पहिल्यांदा मला आपल्या पोपडे निघालेल्या भिंतींचा अभिमान वाटला.

आता शेवटचं वर्ष, थीसिस, म्हणजे शेवटचं मोठं डिझाइन. मी जागा घेतली आहे ठाण्यातली, कचराळी तलावाजवळची. नावावर जाऊ नका, तलाव छान आहे, महापालिकेच्या मुख्यालयाला लागूनच. विषय, म्हाताऱ्या माणसांनी दिवसभर येऊन बसावं असं केंद्र. विषय तुमच्यावरून सुचला हे वेगळं सांगायला नको. सकाळी तिथं आजोबा लोकांचे कट्टे रंगतात. आज्या मात्र फेऱ्या मारतात आणि घरी जातात. एकीला विचारलं तर म्हणाली, "नुसतं कसं बसायचं?" आई, तुलाही मी सोप्यात नुसती बसलेली कधी पाहिली नाही. मांडीवर सूप असतं नाहीतर शेंगा. म्हणून माझ्या केंद्रात स्वयंपाकघर मागे नाही, अगदी पुढे, रस्त्याकडे तोंड करून आहे आणि त्याला लागून लांब ओटा. निवडणं-टिपणं करत येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघता आलं पाहिजे. बाकडी जमिनीपासून दीड फूट, पाठीला टेका आणि उठताना धरायला हात असलेली. तलावाभोवती असली बाकडी कमीच दिसतात.

तर आता आपलं घर.

बाबा, तुमची कारणं मला ठाऊक आहेत. माकडं कौलं फोडतात, पावसाळ्यात माजघरात घमेली ठेवावी लागतात, आणि गल्लीत सगळ्यांचे स्लॅब झाले. पहिली दोन खरी आहेत. तिसऱ्याबद्दल मी बोलत नाही. पण पुढच्या चार खणांच्या दोन फुटी दगडमातीच्या भिंती पाडू नका. एप्रिलमध्ये दुपारी तुम्ही झोपता ते त्या भिंतींच्या जिवावर. शेजारच्या काकांनी स्लॅब घातला आणि आता उन्हाळ्यात आपल्याच सोप्यात येऊन बसतात, हे तुम्हीच सांगितलंत. वासे तपासून घेऊ, वाळवी लागलेले बदलू, कौलांखाली पत्रा घालू. माकडांचं आणि गळतीचं तेवढ्यानं भागेल.

स्लॅब मागे घाला, परड्यात. तिथं तुमची निजायची खोली आणि तिला लागूनच संडास-न्हाणी. रात्री बॅटरी घेऊन आईनं परडं ओलांडायचं हे आता बास. दोन्हींची जमीन माजघराच्या पातळीत, मधे उंबरा नको. न्हाणीचं दार तीन फुटी आणि बाहेर उघडणारं, म्हणजे आत कुणी पडलं तरी दार अडत नाही. भिंतीला धरायला स्टीलचे दांडे. वर वाळवण घालायला स्लॅब, त्याचा जिना सहा इंची पायऱ्यांचा.

खर्चाचं म्हणाल तर आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींचं ऐका. जन्म पुण्यातला, घरचा धंदा लाकडी फर्निचरचा, २०१८ साली प्रित्झ्कर, म्हणजे आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा पुरस्कार, मिळवणारे पहिले भारतीय. इंदूरला अरण्य नावाच्या वसाहतीत त्यांनी गरिबांना पुरं घर दिलंच नाही. जोतं, संडास-न्हाणी आणि एक खोली, एवढं उभं करून बाकीचं ज्याचं त्यानं जमेल तसं बांधावं अशी योजना. आपणही यंदा परड्याकडचं करू, पुढचं छप्पर पुढच्या उसाच्या बिलावर. कर्ज काढायला मी तयार नाही, आणि तुम्हीही नसावं.

एक अडचण माझ्याकडून सुटलेली नाही. आपलं जोतं मला आठवतं तसं अडीच फूट आहे. पायऱ्यांऐवजी उतार करायचा तर उंचीच्या बारापट लांबी लागते, म्हणजे तीस फूट. अंगणात सरळ मावत नाही. तुळशीला वळसा घालून आणता येतो का, की गोठ्याच्या बाजूनं घ्यायचा, हे माप आल्यावर बघते.

म्हणून एवढं करा. जोत्याची उंची, प्रत्येक खांबामधलं अंतर, माजघरापासून परड्याच्या भिंतीपर्यंतची लांबी, आणि गोठ्याकडच्या बोळाची रुंदी मोजून पाठवा. आई, तू मला हे सांग की कुठल्या पायरीला तुला भिंत धरावी लागते आणि सकाळचं ऊन चुलीपाशी किती वाजता येतं. बाबांना विचारू नकोस, ते तेव्हा रानात असतात. आणि मापं येऊन मी कागद पाठवेपर्यंत मिस्त्रीला उचल देऊ नका. त्यानं घाई केली तर माझा नंबर द्या.

तुमची,
धाकटी

ता. क. टेपचं दुसरं टोक दादाला धरायला सांगा. आई, तू स्टुलावर चढायचं नाही.