घाटाकडे जाताना रूट ठरवा, हातोदकडे खुशाल भटका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागे आपल्या पेपरात सायकलवाल्यांवर एका वाचकांचं पत्र आलं होतं, त्यावर थोडं लिहायचं होतं. त्या काकांचं म्हणणं असं की आजकालची पोरं सायकल काढायच्या आधी फोनवर रूट टाकतात, चढ किती उतार किती ते बघतात, चहा कुठे घ्यायचा तेही ठरवून ठेवतात, मग मजा काय राहिली, आम्ही आपले हँडल वळेल तिकडे जायचो. खोटं नाहीये त्यांचं. पण काका जायचे कोणत्या दिशेला हे पत्रात कुठेच नाही, आणि इंदूरात सगळा खेळ दिशेचाच आहे.

आपण राहतो माळव्याच्या पठारावर, साधारण ५५० मीटर उंचीवर. ही जमीन उत्तरेकडे हळूहळू उतरत जाते, म्हणून तर क्षिप्रा, गंभीर, चंबळ सगळ्या तिकडे वाहतात. सांवेर, हातोद, देपालपूर कुठेही जा, मोठा चढ नाही, दर थोड्या अंतरावर गाव, गावात पोहे आणि पंक्चरवाला. इथे रूट आखत बसणाऱ्यांचं मलाही हसू येतं. गुलावटची कमळं बघायला म्हणून निघायचं, वाटेत यशवंत सागरच्या काठाला सारसाची जोडी दिसली की तिथेच बसून राहायचं, गुलावट राहिलं तर राहिलं. फक्त मे-जूनमधे पश्चिमेचा वारा असतो, तेव्हा जाताना वारा तोंडावर घ्या म्हणजे येताना पाठीवर मिळतो, बास, एवढंच प्लॅनिंग.

आता महूच्या पुढे दक्षिणेला या. पुण्याची मंडळी सिंहगड आधी चढतात आणि मग घरंगळत घरी येतात, आपलं उलटं आहे. जाम गेटला अहिल्याबाईंच्या काळातल्या दरवाज्यात उभं राहिलं की खाली नर्मदेच्या खोऱ्यातलं अख्खं निमाड पसरलेलं दिसतं, सकाळची थंड हवा, पाय ताजे, सुटतात पोरं खाली मंडलेश्वर-महेश्वरकडे, पेडल मारायचीही गरज नाही. नर्मदेवर पोचेपर्यंत दहा-अकरा वाजतात, निमाडचं ऊन माळव्यापेक्षा कडक, पाणी संपत आलेलं, आणि तोच विंध्याचा कडा आता चढून घरी यायचंय. महेश्वर आपल्यापेक्षा जवळपास ४०० मीटर खाली आहे आणि जाम गेट तर इंदूरपेक्षाही उंच, म्हणजे परतीचा हिशोब तुम्हीच करा. तुकोजीराव होळकरांनी १८७० मधे एक कोटीचं कर्ज देऊन खंडवा-इंदूर रेल्वे आणवली, त्या गाडीला सुद्धा कालाकुंडहून पातालपाणीकडे चढताना जादा इंजिन लावावं लागायचं! सायकलवाल्याला कोण लावणार, कालाकुंडचा कलाकंद फार तर.

म्हणून घाटात जायचं तर परत कधी फिरायचं ते निघतानाच ठरलेलं पाहिजे. आणि ए.बी. रोडने, म्हणजे आग्रा-मुंबई हायवेने, गणपती घाटातून नकोच, ट्रकचे ब्रेक फेल होण्यासाठी तो बदनाम आहे, तिथे हँडल वळेल तिकडे वगैरे काही चालत नाही.

पण रूटवाल्यांनीही फार खूष होऊ नये. फोनच्या मॅपवर जी बारीक पांढरी रेघ दिसते ती रस्ता असेलच असं नाही, पुष्कळदा ती शेतातली गाडवाट असते. पावसाळ्यात तिच्यावर सायकल घातली की आपली काळी माती टायरला थर देत जाते, मडगार्ड आणि टायरच्या मधे, मग ब्रेकपाशी, आणि पुढचं चाक फिरायचं बंदच होतं, काडीने खरवडून काढा, दहा पावलं चाला, परत तेच. असाच एक शॉर्टकट घ्यायला मी वळत होते तर म्हशी घेऊन चाललेला एक मुलगा म्हणाला, "दीदी, आगे रास्ता नी है, खेत है." फोन तेव्हाही सरळ जा म्हणत होता. घरी बसून केलेल्या आखणीत हा मुलगा कसा येणार?

ब्रेव्हेवाल्यांचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला सायकलने पुरा करणाऱ्यांचं, उदाहरण नेहमी दिलं जातं, की बघा, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, सगळं ठरलेलं. रूट ठरलेला असतो हे खरं, तो सोडलात तर जिथे सोडला तिथेच परत यावं लागतं. पण मधे कुठे थांबायचं, कोणत्या झाडाखाली पाठ टेकायची हे ज्याचं त्याचं, कंट्रोल पॉइंटला, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणी, वेळेत पोचा म्हणजे झालं. तेही लोक काकांना वाटतात तेवढे बांधलेले नसतात.

काकांना एवढंच विचारायचंय की महेश्वरहून ते सायकलनेच परत यायचे की सायकल बसच्या टपावर टाकून? बसच्या टपावर असेल तर त्यांचं पत्र मला पूर्ण मान्य आहे.

आणि आपल्याकडे एक विनंती. शनिवारच्या अंकात तापमानाच्या बाजूला दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाची वेळ आणि वाऱ्याची दिशा छापता आली तर बघा. दोन ओळींची जागा लागेल, राशिभविष्यातून काढली तरी आमची हरकत नाही.

आपली,
एक सायकलवाली वाचक, इंदूर