तुटलेला पाटा बघून कारण सांगणाऱ्या मिस्त्रीभाऊंना

मिस्त्रीभाऊ, सप्रेम नमस्कार.

पिकअपचा मागचा मेन पाटा, म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या थप्पीतली मुख्य पट्टी, तुटला आणि ऐन कापसाच्या दिवसांत गाडी अंगणात जॅकवर चढली. फोन केल्यावर तुम्ही पहिलं हेच विचारलंत, "पाटा तुटला कुठून?" किमतीचं बोलणं मागाहून. त्या प्रश्नासाठी तुमचे मनापासून आभार.

सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकातून पाटा तुटला होता. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजून काळा पडलेला, उरलेला ताजा, चमकदार, दाणेदार. काळा भाग म्हणजे जुनी भेग, हे तुम्ही ओळखलंत आणि पाटे एक्सलला (चाकांच्या आसाला) आवळून धरणाऱ्या यू बोल्टवर बोट ठेवलंत. यू बोल्ट सैल झाले की पाटे एक्सलच्या बैठकीवर घट्ट दाबून राहत नाहीत. मग भोकापाशी वाक येतो, आणि भोकामुळे तिथे पोलाद आधीच कमी असतं. पांदण रस्त्यावर भरली गाडी हेलकावे खाते तेव्हा सगळा मार तिथेच बसतो. नुसता पाटा बदलला असता तर नवाही तिथूनच गेला असता.

वेल्डिंगला तुम्ही साफ नाही म्हणालात, तेही बरं झालं. पाटा पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून-विझवून कडक केलेल्या पोलादाचा. वेल्डिंगच्या आचेनं ते पाणी उतरतं आणि जोडाच्या शेजारीच पाटा पुन्हा तुटतो.

खरा जीव काढला तो शॅकलच्या, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) जोडणाऱ्या हलत्या पट्ट्यांच्या पिनांनी. पिन बुशच्या (रबरी अस्तराच्या) आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव होते. घण मारावा तर टोक फुगतं आणि मग ते भोकातून निघतच नाही. तापवावं तर रबर पेटतं. पाट्याचा डोळा (टोकाची गोल गुंडाळी) आणि शॅकलची पट्टी यांच्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून पिन दोन्हीकडून कापायची, हा तुमचा उपाय लागू पडला. पिन-बुश नवेच टाकायचे होते, मग जुनी पिन वाचवायचा हट्ट कशाला? नवी पिन बसवताना ग्रीसचा पातळ हात फक्त लोखंडाला द्यायचा, कारण साध्या ग्रीसनं रबर फुगतं. हे बारकावे कोण सांगतं, भाऊ!

काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, घोड्या (लोखंडी टेकू) चेसिसखाली, एक्सलला वेगळा जॅक. सेंटर बोल्ट खोलण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प आवळायचे, नाहीतर ताणलेले पाटे उसळून हात फोडतात. आणि खडूची खूण! सेंटर बोल्टचं भोक दरवेळी बरोबर मध्यावर नसतं. पाटा उलटा बसला तर एक्सल पुढे-मागे सरकतो, बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात उतरत नाही, आणि माणूस तासभर जॅक खाली-वर करत बसतो. जुना पाटा काढण्याआधीच पुढच्या बाजूला खूण करा, असं तुम्ही बजावलं होतं.

यू बोल्ट नवेच घेतले, कारण ताणलेल्या बोल्टाची पकड टिकत नाही. चारही नट आलटून-पालटून, थोडे थोडे आवळले. पिनांचे नट मात्र गाडी चाकांवर उतरवून, वजन आल्यावरच शेवटचे घट्ट केले. चाक हवेत असताना आवळले असते तर रबर कायम पिळलेलंच राहिलं असतं आणि लवकर फाटलं असतं. शेवटी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप धरला. माप सारखं भरलं.

पहिली भरलेली खेप उतरली की यू बोल्ट पुन्हा आवळायचे, हे लक्षात आहे. पाटे बसत जातात तशी थोडी ढिलाई येतेच.

दुसऱ्या बाजूचे यू बोल्टही आता बदलायचे आहेत. तुम्ही सांगितलेली मापं घेऊन ठेवली आहेत: सळईची जाडी, आतली रुंदी, पायाची लांबी, आणि वरचा वाक गोल की चौकोनी. जुना बोल्ट नमुन्याला आणतो. बाजाराच्या दिवशी दुकानावर भेट होईलच.

आपले,
मोर्शी-वरूड भागातले गाडीवाले