ताईच्या पिशवीतली काढ्याची बाटली: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: केमोथेरपीसोबत घेतल्या जाणाऱ्या वनौषधींची नोंद, तपासणी आणि संशोधन

मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यात मेडिकलचं दुकान चालवते. बी. फार्म. होऊन २१ वर्षं झाली. हे पत्र माझ्या थोरल्या बहिणीमुळे लिहिते आहे, पण ते तिच्या एकटीबद्दल नाही.

ताईला ओव्हरीचा कॅन्सर झाला. आधी काही महिने पोट फुगायचं, दोन घास खाल्ले की पोट भरायचं. ॲसिडिटीच्या गोळ्या मीच दिल्या, माझ्याच दुकानातून. पोटात पाणी झालं तेव्हा सोनोग्राफी केली आणि सगळं कळलं. या आजाराचं हेच दुखणं आहे. बहुतेक बायकांचा आजार कळतो तेव्हा तो पोटभर पसरलेला असतो. २०२२ च्या जागतिक आकडेवारीच्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे ४७ हजार बायकांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ३३ हजार जातात.

ऑपरेशन झालं. मग कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, दर तीन आठवड्यांनी एक, अशा सहा केमो. दर वेळी रात्रीची कोकणकन्या, सकाळी मुंबई, दुसऱ्या रात्री परत. सीए-१२५, म्हणजे या कॅन्सरची रक्तातली खूण, खाली आलं, घरात सत्यनारायण झाला. चार महिन्यांत ते पुन्हा वर चढलं. प्लॅटिनमचं औषध, म्हणजे कार्बोप्लॅटिन, संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत आजार उलटला तर त्याला प्लॅटिनम-रेझिस्टंट म्हणतात. म्हणजे मुख्य हत्यारच बोथट झालं.

त्यानंतर ताईच्या पिशवीत एक बाटली दिसू लागली. बिसलेरीचीच, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आत काळपट तपकिरी काढा. शेजारच्या गावातून कुणीतरी आणून दिला होता. मला म्हणाली, "डॉक्टराक सांगू नको हां, तो वराडतलो." मी सांगितलं नाही. पुढच्या केमोआधी रक्त तपासलं तर एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की वाढणारा आकडा, ३८०, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. केमो तीन आठवडे पुढे गेली. डॉक्टरांनी कारण शोधलं, औषधं बदलून पाहिली, आणि मी समोर गप्प बसून राहिले. शेवटी मी बोलले तेव्हा ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "त्यात काय आहे?" आणि फार्मासिस्ट असून मला उत्तर देता आलं नाही.

ताई दीड वर्षापूर्वी गेली. काढ्यानेच गेली असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि नेमकं त्याचंच मला दुःख आहे.

काढा देणाऱ्याला मी लबाड म्हणत नाही, आणि झाडपाल्यात काही नसतं असंही माझं मत नाही. ताईला दिलेलं पॅक्लिटॅक्सेल मुळात अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाच्या सालीतून सापडलं. १९७१ मध्ये वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी त्याची रचना प्रसिद्ध केली आणि १९९२ मध्ये तिथे ते ओव्हरीच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. त्याच जोडीने १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य काढलं होतं. त्यापासून तयार झालेलं टोपोटेकान पहिली औषधं हरल्यावर ओव्हरीच्या कॅन्सरसाठी वापरतात. आणि १९७२ मध्ये आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की हेच कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्यात आहे. ज्याच्या फुलांच्या दुर्गंधीने माणूस नाक मुरडतो, जो आंबोलीच्या जंगलात उभा आहे, तोच नरक्या. आपण त्याचं काय केलं? तोडला, फोडला, पोत्यात भरला आणि चोरून घाटापलीकडे पाठवला. वनखात्याने ट्रक पकडल्याच्या बातम्या आम्ही वर्षानुवर्षं वाचतो.

पण यू किंवा नरक्याचं औषध झालं ते काढा उकळून नाही. त्यातला एक रेणू वेगळा काढला, मोजला, किती दिला तर उपयोग आणि किती दिला तर विष हे ठरवलं. सदाफुली आमच्या प्रत्येकाच्या अंगणात आहे. तिच्यापासून व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध मिळतं, पण एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. व्हॉट्सॲपवरचा मेसेज वाचून पाच पानं चावणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? मी सांगते, दुकानात, रोज. पण काउंटरवरच्या एका बाईने किती सांगायचं?

आता मूळ मुद्दा, केमो आणि वनौषधी एकत्र देण्याचा. औषधाला न जुमानणारी पेशी अनेक युक्त्या करते. त्यातली एक कोकणातल्या माणसाला लगेच समजेल. होडीत पाणी शिरलं की खलाशी ते उपसून बाहेर टाकतो, तशी ही पेशी पॅक्लिटॅक्सेल आत आलं की उपसून बाहेर फेकते. तिच्या भिंतीत तसा पंपच असतो, पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा. हळदीतलं कर्क्युमिन हा पंप मंदावतं, असं काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर दिसलं आहे. अश्वगंधातलं विथाफेरिन सिस्प्लॅटिन या प्लॅटिनमच्याच औषधासोबत ओव्हरीच्या कॅन्सर पेशींवर आणि उंदरांवर तपासलं गेलं आहे. आपल्या कोकमाच्या सालीतल्या गार्सिनॉलवरही प्रयोगशाळेत काम झालं आहे. ही आशा खोटी नाही, म्हणूनच ती वाया जाऊ नये असं मला वाटतं.

कारण बशीतून बाईच्या शरीरापर्यंतचा रस्ता लांब आहे. २००१ मध्ये तैवानमध्ये रुग्णांना रोज ८ ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन देऊन पाहिलं. सहन झालं, पण रक्तात जेमतेम पोचलं. हळदपुडीत कर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास असतं, म्हणजे ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद! मग मिरी घालतात. १९९८ मध्ये बंगळुरूत दिसलं की मिरीतलं पायपरिन सोबत दिलं तर रक्तातलं कर्क्युमिन वीस पटीने वाढतं. दुकानात येणाऱ्या निम्म्या कॅप्सूलच्या डबीवर हे मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. जे छापत नाहीत ते असं, की पायपरिन यकृतातल्या ज्या एन्झाइमला अडवतं त्याच वाटेने पॅक्लिटॅक्सेलचाही काही भाग शरीराबाहेर जातो. ती वाट तुंबली तर केमो अंगात जास्त वेळ राहू शकते. पांढऱ्या पेशी आणखी खाली, हातापायांच्या मुंग्या आणखी वर. आमटीतल्या चिमूटभर मिरीची भीती नको, मी अर्काच्या कॅप्सूलबद्दल बोलते आहे. उलटंही घडतं. सेंट जॉन्स वॉर्ट या युरोपातल्या वनस्पतीने कॅम्प्टोथेसिनच्याच कुळातल्या इरिनोटेकानचा रक्तातला कामाचा अंश ४२ टक्क्यांनी घटवल्याचं २००२ मध्ये नेदरलँड्समध्ये नोंदलं गेलं. म्हणजे केमो घेतली, केस गेले, उलट्या झाल्या आणि औषध मात्र पुरतं लागलंच नाही. ओव्हरीच्या रेझिस्टंट कॅन्सरमध्ये अमुक अर्काने बायकांचं आयुष्य वाढलं, असं मोठ्या चाचणीत आजवर सिद्ध झालेलं नाही. हे कुणीतरी अधिकाराने, प्रेमाने आणि मराठीत सांगायला हवं.

साहेब, या कामासाठी नवं काहीच उभारावं लागत नाही. रत्नागिरीत आणि सिंधुदुर्गात आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. सावंतवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे. दोन्हीकडच्या पदव्या नाशिकच्या एकाच आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या. तरीही आयुर्वेदाचा वैद्य आणि केमोचा डॉक्टर एका पेशंटबद्दल एका खोलीत बसलेले मी पाहिले नाहीत. त्यांना बसवा, हे आपल्या खात्याच्या हातात आहे.

केमोच्या केसपेपरवर एक ओळ छापा: "याशिवाय काय घेता? काढा, चूर्ण, गोळ्या?" आणि विचारणाऱ्याला सांगा, की उत्तर ऐकून ओरडायचं नाही. माझ्या बहिणीचे तीन आठवडे या एका ओळीने वाचले असते. नोंद जमत गेली की कोकणातल्या बायका नेमकं काय घेतात ते कळेल, आणि त्यातल्या दोन-तीन वनस्पतींचे प्रमाणित अर्क घेऊन, ज्यांच्यावरचे उपाय संपत आले आहेत अशा बायकांच्या संमतीने, नैतिक समितीसमोर ठेवून, देशाच्या चाचणी नोंदवहीत आधी नोंदवून, लहान चाचणी करता येईल. पहिला प्रश्न साधाच ठेवा: अर्क दिल्यावर रक्तात केमो वाढते, घटते की तेवढीच राहते? बरं करण्याचा दावा नंतर. आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडून नरक्याच्या लागवडीचं काम करून घ्या, म्हणजे जंगलातला नरक्या जंगलात राहील.

कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी एसटी स्टँडच्या भिंतीवरचा तसा कागद मी गेल्याच आठवड्यात पाहिला. त्यावर फक्त मोबाइल नंबर होता.

ताईची ती बाटली मी टाकलेली नाही. निम्मी उरली आहे, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. त्यात काय आहे ते तपासून द्या म्हणून मी तीन ठिकाणी विचारलं. तिन्हीकडे सांगितलं की असे नमुने आम्ही घेत नाही. आपल्या खात्याच्या अखत्यारीतली एक प्रयोगशाळा मला कळवा. बाटली घेऊन मी स्वतः येते.

आपली,
देवगड तालुक्यातली एक फार्मासिस्ट