पोळ्याचं बयान

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, काका नागपूरच्या हायकोर्टात गेलेत, त्यांच्यावरचा ॲट्रॉसिटीचा एफआयआर रद्दच होईल, मग बाबा तुम्ही बयान देऊन घरात वैर कशाला आणता? तेव्हा मला बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

पोळ्याला तोरणाखाली अख्खं गाव उभं होतं. ज्यानं ही तक्रार केली, त्यानं आपली बैलजोडी रांगेत आणली आणि तुझ्या काकानं त्याची जात काढून जे म्हटलं, ते मी चार हातांवरून ऐकलं. त्याचं पोरगं सोबत होतं. बैलांच्या शिंगांना बेगड त्यानंच लावली असावी, बोटांना चिकटलेली होती. बाप काही बोलला नाही, कासरा ओढून जोडी परत नेली. दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेला.

काकाचे वकील २०२० चा हितेश वर्मा निकाल दाखवतात. निकाल बरोबरच आहे. तिथं जमिनीचा वाद होता, शिवीगाळ घराच्या चार भिंतींत झाल्याची तक्रार होती, म्हणून सुप्रीम कोर्टानं ॲट्रॉसिटीचं, म्हणजे दलित-आदिवासींवरच्या अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, कलम काढलं. बाकीचा गुन्हा ठेवलाच. अपमान लोकांदेखत झाला, असं तक्रारीतच नसेल तर त्या कलमाखाली माणसाला वर्षानुवर्षं फिरवू नये. उद्या शेताच्या धुऱ्याच्या भांडणाला कोणी हे कलम चिकटवलं, तर मीही विरोधात उभा राहीन. पण २००८ साली याच कोर्टानं रस्त्यावरून दिसणारं अंगणसुद्धा लोकांच्या नजरेतलं धरलं. आपलं तर पोळ्याचं तोरण होतं रे!

काका म्हणतो, तक्रार खोटी आहे. खोटी की खरी, हे शोधायलाच तर तपास असतो. आपल्याच राज्यातल्या निहारिका प्रकरणात २०२१ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तपास सुरुवातीलाच अडवू नका, एफआयआर रद्द करणं हा अपवाद असावा. ऐकणाऱ्यांनी तोंड उघडण्याआधीच कागद बंद झाला, तर त्या पोराला आपण काय सांगायचं?

गुरुवारी डीवायएसपी साहेब गावात येणार आहेत. मी बयान देणार. बुधवारी संध्याकाळी काकाच्या घरी जाऊन त्याच्या तोंडावर हे सांगून येईन. तोवर तू त्याला फोन करू नकोस, माझ्याच तोंडून त्याला कळू दे.

तुझा,
बाबा