फक्त आवड बदलली म्हणून नाही

रविवारच्या पुरवणीतला ब्रिटिश किनाऱ्यावरच्या जुन्या पदार्थांचा लेख वाचला, पण नव्या पिढीला जेलीड ईल, म्हणजे जेलीतला वाम मासा, आवडत नाही म्हणून ते संपतंय हे काही पटलं नाही. गार जेलीतली वाम सगळ्यांना झेपत नाही हे खरंय, पण मुळात युरोपातली वामच अतिसंकटग्रस्त आहे, १९८०नंतर समुद्रातून नद्यांकडे येणारी पिल्लं ९० टक्क्यांहून जास्त घटलीत, मग स्टॉलवाला आणणार कुठून? लंडनचा टबी आयझॅक्सचा १९१९पासूनचा जेलीड ईलचा स्टॉल २०१३ला बंदच झाला. इथे एसेक्सच्या किनाऱ्यावर ली-ऑन-सीला माल्ट व्हिनेगर आणि पांढरी मिरपूड मारलेले कॉकल्स (छोटे शिंपले) मात्र अजून मिळतात, मला तर ते फिश अँड चिप्सहून जास्त आवडतात, त्यांच्यावर दोन ओळी तरी हव्या होत्या.

– एक वाचक, एसेक्स